ऑपरेशन बिघडलं, आता दाद कुठे मागायची?

प्रश्न: ताई, माझ्या आईचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, खाजगी हॉस्पिटलात, बिल २ लाख १० हजार. घरी आल्यावर चार दिवसांत डोळे पिवळे दिसायला लागले, फोन केला तर म्हणे काही नाही, पथ्य पाळा. शेवटी दुसरीकडे नेलं तर कळलं पित्तनलिकेला इजा झालीये, परत मोठं ऑपरेशन करावं लागलं. आई आता बरी आहे, पण पहिलं हॉस्पिटल फाईलच देत नाही. भाऊ म्हणतो पोलीस केसच करू. काय करावं?

उत्तर: डोळे पिवळे झालेत असं सांगूनसुद्धा पेशंटला बघायला बोलावलं नाही, तुमची केस खरी इथे आहे. पित्तनलिकेला इजा होणं हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही होतो, त्यामुळे नुसतं "इजा झाली" म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. पण या ऑपरेशननंतर कावीळ दिसली तर लगेच रक्त तपासायचं, सोनोग्राफी करायची, हे कुठलाही सर्जन सांगेल. तेव्हा तो फोन कधी केला, कोणाशी बोललात, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं आजच जपून ठेवा.

फाईल तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या आणि कॉपीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेच लागतात. ऑपरेशन नोट्स आणि संमतीपत्र नक्की मागा, आणि आईला समजेल अशा भाषेत धोके सांगितले होते का तेही बघा. दुसऱ्या हॉस्पिटलचे रिपोर्ट तर तुमच्याकडे आहेतच, तिथल्या डॉक्टरांना लेखी मत द्याल का विचारा, बरेच जण कचरतात, तरी विचारा.

मग जिल्हा ग्राहक आयोग. १९९५ पासून सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात धरलीये. लोकांना वाटतं भरपाई मोठी मागितली की मुंबईला नाहीतर दिल्लीला जावं लागतं, तसं नाहीये, तुम्ही बिल किती भरलं त्यावर ते ठरतं, ५० लाखांपर्यंत जिल्ह्यातच आणि ५ लाखांच्या आत तर फीसुद्धा नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, पण मेडिकल केसमध्ये घेतलेला बरा. मुदत दोन वर्षं, आणि समेटाच्या बोलण्यात ती कधी निघून जाते कळत नाही.

भावाला सांगा, पोलीस केसचा निकष फार कडक आहे. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की साधी चूक म्हणजे गुन्हा नाही, घोर निष्काळजीपणा हवा, आणि आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. त्यातून भरपाईही मिळत नाही. हॉस्पिटलात जाऊन राडा तर अजिबात नको, महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि मग आईची केस बाजूलाच राहते. डॉक्टरच्या लायसन्सबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार करता येते, पैसे मात्र तिथेही मिळत नाहीत.

प्रश्न: सरकारी दवाखान्यात फुकट उपचार झाले असतील तर काहीच करता येत नाही का?

उत्तर: येतं. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार असतात तिथे ग्राहक आयोग चालत नाही, पण दिवाणी कोर्ट उघडं आहे. औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात १९६३ साली नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली. हायकोर्टात घरचे हरले, पण १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारलाच जबाबदार धरलं आणि ३६ हजारांची भरपाई द्यायला लावली. इतकी वर्षं लागली याचा राग येतो, पण आजही कोर्टात या निकालाचा आधार घेता येतो. फक्त एक, सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती वकिलाकडूनच नीट लिहून घ्या.