हेन्री केरी हा आठव्या हेन्रीचा मुलगा होता का?

मेरी बोलिनची दोन मुलं, कॅथरीन आणि हेन्री केरी, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीपासून झाली होती का, आणि आज डीएनए तपासून याचा निकाल लावता येणार नाही का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं मत आधीच सांगतो. हेन्री केरी राजाचा नसावा. कॅथरीनच्या बाबतीत मात्र मी ठामपणे नाही म्हणणार नाही.

मेरीशी राजाचे संबंध होते, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. १५२७ मध्ये मेरीची बहीण अ‍ॅन हिच्याशी लग्न करायचं म्हणून राजाने पोपकडे परवानगी मागितली. चर्चच्या कायद्यात एका बहिणीशी शरीरसंबंध आला की दुसरी निषिद्ध नात्यात येते, मग तो संबंध लग्नाबाहेरचा का असेना. नेमकी तीच आड येणारी अट माफ करून घ्यायची खटपट त्याने केली. पुढे संसद सदस्य सर जॉर्ज थ्रॉकमॉर्टनने राजाला तोंडावर ऐकवलं की, अ‍ॅनच्या आईशी आणि बहिणीशीही तुमचे संबंध होते असं लोक म्हणतात. त्यावर राजा म्हणाला, "आईशी कधीच नाही." शेजारी उभा असलेला राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल घाईघाईने म्हणाला, "बहिणीशीही नाही." हा प्रसंग खुद्द थ्रॉकमॉर्टननेच लिहून दिला आहे. बहिणीचं नाव राजाने स्वतःहून टाळलं, हे मला फार बोलकं वाटतं.

पण संबंध होते म्हणजे मुलं त्याचीच, असं होत नाही. मेरीचं लग्न फेब्रुवारी १५२० मध्ये विल्यम केरीशी झालं होतं. कॅथरीनचा जन्म १५२४ च्या सुमाराचा, हेन्रीचा मार्च १५२६ मधला. नवरा जिवंत होता, दरबारातच राजाच्या खासगी सेवेत होता. त्याला मिळालेल्या जमिनींकडे बोट दाखवून लोक म्हणतात की राजाने मुलांची सोय लावली. मला हे पटत नाही, कारण त्या हुद्द्यावरच्या माणसांना जमिनी मिळतच असत.

मुलगा राजाचा, ही कुजबुज आपल्याला लेखी सापडते ती थेट १५३५ मध्ये. लंडनजवळच्या आयझलवर्थचा पाद्री जॉन हेल याने जबाबात सांगितलं की, तिथल्याच सायन मठातल्या एकाने लहानग्या केरीकडे बोट दाखवून 'हा राजाचा मुलगा' असं म्हटलं होतं. सायनमधल्या अनेकांना अ‍ॅनशी झालेलं लग्न मान्य नव्हतं. बहिणीपासून राजाला मूल आहे असं ठरलं, की ते लग्न आपोआप पापाचं ठरत होतं. मूल नऊ वर्षांचं झाल्यावर आणि राजाच्या विरोधकांच्या तोंडून पुढे आलेल्या गोष्टीवर मी विश्वास टाकणार नाही. हेलला त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये टायबर्नला फाशी झाली. राजाविरुद्ध बोलल्याबद्दल माणसं जिवाला मुकत होती, याचं मला फार वाईट वाटतं.

"राजाची दुसरी प्रेयसी एलिझाबेथ ब्लाउंट हिचा मुलगा हेन्री फिट्झरॉय राजाने उघड स्वीकारला, १५२५ मध्ये त्याला ड्यूक केलं, मग केरीला का नाही?" हा युक्तिवाद मी स्वतः वापरत नाही. फिट्झरॉय १५१९ मध्ये जन्मला तेव्हा त्याची आई अविवाहित होती. मेरीचा नवरा होता, आणि कायद्याने मूल नवऱ्याचंच. शिवाय अ‍ॅनशी लग्न ठरवताना मेरीचं मूल आपलं म्हणणं राजाला परवडणारं नव्हतं. त्याच्या गप्प राहण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

राजा आणि अ‍ॅन यांची मुलगी एलिझाबेथ हिने राणी झाल्यावर दोघांवर जीव लावला, हाही पुरावा म्हणून दिला जातो. १५५९ मध्ये हेन्री केरी बॅरन हन्सडन झाला. कॅथरीन राणीच्या अगदी आतल्या वर्तुळातली. १५६९ मध्ये ती गेल्यावर वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तिला पुरलं. पण ही राणीची सख्खी मावसभावंडं होती! तिच्या आईचा आणि मामाचा तिच्या बापानेच शिरच्छेद करवला होता. आजोळचं म्हणून जे थोडं माणूस उरलं होतं, त्याला तिने जवळ केलं, यात आणखी कुठलं रहस्य शोधायची गरज नाही.

राजाचा आणखी एक मुलगा म्हणून सर जॉन पेरॉटचंही नाव घेतलं जातं, पण ती गोष्ट तर याहून कच्ची आहे. तो राजाचा मुलगा, हे रॉबर्ट नाँटन या दरबाऱ्याने लिहिलं, तेही पेरॉट वारल्यावर आणि चेहरा, बांधा, आवाज यांच्या साम्यावरून. नाँटनची बायको पेरॉटची नात होती, म्हणजे सासरच्या घराण्याला राजरक्त चिकटवण्यात त्याचाही फायदा होताच.

आता डीएनए. बाप-मुलगा-नातू अशी अखंड पुरुषशाखा असेल तर फक्त बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र उपयोगी पडतं. हेन्री केरीच्या हन्सडन घराण्याची बॅरनपदाची पुरुषशाखा १७६५ मध्येच संपली. कॅथरीनचे वंशज आजही पुष्कळ आहेत, पण मुलीकडून वाय गुणसूत्र जात नाही, आणि बाकीचा वारसा इतक्या पिढ्यांत एवढा विरळ होतो की त्यातून राजाचा अंश वेगळा ओळखता येत नाही. म्हणजे राजाचा सांगाडा हाती आला तरी आजच्या वंशजांची चाचणी करून हा प्रश्न सुटणार नाही. केरी भावंडांचे स्वतःचे अवशेषच तपासावे लागतील.