पेशींमध्ये स्वतःला वाचवायची यंत्रणा असते, मग हार्ट अटॅकमध्ये स्नायू मरतो कसा?

तुमचा प्रश्न असा की वडिलांना तीन तासात स्टेंट पडला तरी डॉक्टर म्हणतात स्नायूचा काही भाग गेला, मग ती पेशींची संरक्षण यंत्रणा करत काय होती. तर यंत्रणा खरंच असते, पण तिला तयारीला वेळ लागतो आणि अटॅक तेवढा वेळ देत नाही.

मी डॉक्टर नाही, काही वर्षं लॅबमध्ये उंदराच्या पिल्लांच्या हार्टच्या पेशी वाढवायचो. डिशमध्ये त्या आपल्या आपण धडधडत असतात, पहिल्यांदा बघताना जाम भारी वाटतं. ऑक्सिजन काढला की धडधड थांबते पण पेशी लगेच मरत नाही. आणि आदल्या दिवशी त्यांना ३७ ऐवजी ४२ डिग्रीवर थोडा वेळ ठेवलं असेल ना, तर दुसऱ्या दिवशी कमी मरतात, कारण मधल्या तासांमध्ये त्यांनी हीट शॉक प्रोटीन बनवून ठेवलेली असतात, जी बिघडलेल्या प्रोटीनची घडी परत नीट बसवतात.

दुसरा एक झटपट प्रकार पण आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हार्टची एक रक्तवाहिनी ५ मिनिटं बंद ५ मिनिटं चालू असं चार वेळा केलं आणि मगच सलग ४० मिनिटं बंद ठेवली, तर मेलेला भाग नेहमीच्या पाव हिस्साच निघाला. पण यातही आधी छोटे झटके बसलेले होते. वडिलांची नस एकदम बंद झाली असेल तर पेशींना कसली पूर्वसूचना?

त्यात अजून एक घोळ, रक्त परत सुरू होतं तेव्हाही पेशी मरतात. कॅल्शियम आत घुसतं, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याला भोक पडतं, पेशी करकचून आकसते आणि फुटते. डिशमध्ये ऑक्सिजन परत दिल्यावर काही पेशी पुन्हा ठोके द्यायला लागायच्या आणि शेजारचीच गोळा होऊन जायची, बघवायचं नाही. म्हणून स्टेंट नको असं अजिबात नाही हं, नस बंदच राहिली असती तर कितीतरी जास्त गेलं असतं.

मग ती छोट्या झटक्यांची युक्ती माणसात का नाही वापरत? वापरून बघितलं. दंडाला बीपीचा पट्टा आवळून-सोडून हार्टला सावध करायची आयडिया युरोपात ५ हजारांवर अटॅकच्या पेशंटवर तपासली, २०१९ ला रिझल्ट आला, काही फायदा नाही. त्यामुळे यूट्यूब बघून घरी पट्टा आवळत बसू नका.

आणि आत्ताच्या इकोमध्ये (हार्टची सोनोग्राफी) जो भाग हलत नाहीये तो सगळाच मेलेला असेल असं नाही, काही भाग नुसता सुन्न पडलेला असतो आणि काही दिवसांनी, आठवड्यांनी हलायला लागतो. पुढचा इको कधी करायचा ते डॉक्टरांना विचारा आणि तोपर्यंत गोळ्या चुकवू देऊ नका.