नायिकेतली शक्ती जागी कधी करायची?

प्रश्न : ताई, मी पहिल्यांदाच पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे भुताराक्षसांच्या जगातली प्रेमकथा लिहितेय. नायिका साधी मुलगी आहे पण तिच्यात एक शक्ती लपलेली आहे जी तिला स्वतःलाही माहीत नाही, आणि नायक डिमन हंटर म्हणजे राक्षसांची शिकार करणारा, त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या हेच काम. शेवटच्या लढाईत तो मरायला टेकतो तेव्हा तिची शक्ती एकदम जागी होते आणि ती राक्षसांच्या राजाला संपवते. मैत्रिणींना वाचायला दिलं, सगळ्या म्हणाल्या मस्त आहे पण शेवट पटत नाही. का पटत नाही ते कुणालाच नीट सांगता येईना.

उत्तर : अगं, पटत नाही कारण शक्ती आयत्या वेळी येते आणि फुकट येते. वाचणाऱ्याला वाटतं, लेखिका अडली म्हणून ही आली. शक्ती नायिकेपासून लपव, नायकापासून लपव, पण वाचकापासून पूर्ण लपवू नकोस, त्याला मधून मधून चाहूल लागू दे.

समज, तुझ्या नायकाकडे एक सुरी आहे जी राक्षस जवळ असला की गरम होते. हे आपल्याला सुरुवातीच्या एखाद्या शिकारीत कळलेलं आहे, बस. मग बऱ्याच पानांनी तो तिच्या हाताला बँडेज बांधत बसलाय, खोलीत दोघंच, आणि कमरेची सुरी गरम व्हायला लागते. तो खिडकीकडे बघतो, दाराकडे बघतो, कुणी नाही. मग तिच्याकडे बघतो. ती काहीतरी बोलतेय, हसतेय. तो गप्पपणे गाठ मारतो, सुरी काढून लांब टेबलावर ठेवतो आणि परत तिच्याजवळ येऊन बसतो. शक्ती कुणी बोलून दाखवली नाही, प्रेमाचा शब्द नाही, पण दोन्ही कळलं की नाही? आता हे त्याने घराण्यातल्या मोठ्यांना सांगायचं की पोटात ठेवायचं हा प्रश्न आला, आणि त्यातून तुला पुढची पन्नास पानं मिळतील. माझ्या मते या प्रकारात सगळ्यात मोलाची जागा हीच, जिथे शिकार आणि प्रेम एकाच प्रसंगात अडकतात. शिकार वेगळ्या चॅप्टरमध्ये आणि रोमान्स वेगळ्या चॅप्टरमध्ये असं चाललं की दोन्ही फिकं पडतं.

दुसरं म्हणजे किंमत. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ 1897 ची, पण त्यातली मीना परत वाच. काउंट ड्रॅक्युला, म्हणजे रक्त पिणारा व्हॅम्पायर, तिला बळजबरीने स्वतःचं रक्त पाजतो आणि त्यामुळे दोघांच्या मनांत एक वाट तयार होते. मग तीच, त्याच्या मागावर असलेल्या प्रोफेसर व्हॅन हेलसिंगला म्हणते मला संमोहित करा, आणि त्या अवस्थेत तिला पाणी आपटल्याचा आवाज येतो, डोक्यावर माणसं धावतायत, साखळी कुरकुरतेय, त्यावरून व्हॅन हेलसिंग आणि त्याच्या साथीदारांना कळतं की काउंट जहाजावर आहे. केवढी मोठी शक्ती! पण ती चालते फक्त सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास, आणि वाट दोन्ही बाजूंनी उघडी, म्हणजे ती त्याला ऐकू शकते तसा तोही तिच्या मनातलं काढून घेऊ शकतो. म्हणून ती नवऱ्याकडून वचन घेते की तुमचे बेत मला सांगायचे नाहीत. जिच्यामुळे माग लागतो तिलाच अंधारात ठेवायचं, आणि तेही तिच्याच सांगण्यावरून. किंमत म्हणतात ती ही.

तेव्हा तुझा शेवट बदलू नको, त्याच्या आधीचं बदल. लढाईआधी दोनदा तरी तिची शक्ती थोडी थोडी वापरली जाऊ दे आणि दर वेळी तिचं काहीतरी जाऊ दे. मग शेवटी ती हात उचलेल तेव्हा आता काय जाणार हे वाचकाला आधीच माहीत असेल आणि तो घाबरेल.

प्रश्न : राक्षस मारणारे आणि त्यांच्या लव्हस्टोऱ्या हे सगळं व्हॅम्पायर सिनेमांनंतरचं फॅड आहे असं माझे मिस्टर म्हणतात. खरंय का हो?

उत्तर : अजिबात नाही, त्यांना हिडिंबेची आठवण करून द्या. भावाने पांडवांना मारून आणायला पाठवलेली राक्षसी, भीमाला बघते आणि तिथेच मन जातं, सुंदर रूप घेऊन त्याच्यासमोर येते आणि भावाचा बेत स्वतःच सांगून टाकते. भीम तिच्या भावाला, हिडिंब राक्षसाला मारतो, एवढंच नाही, राक्षस दगा देतात म्हणून तिच्यावरही उठतो आणि युधिष्ठिर त्याला अडवतो. पुढे अट पडते की दिवसा तू त्याला ने पण रात्री परत आणून सोड, आणि हे मुलगा होईपर्यंतच. शत्रूच्या कुळातली, रूप बदलणारी नायिका, संशय घेणारा नायक, मुदतीचं प्रेम, सगळा मसाला आदिपर्वातच आहे!

बाहेर बघायचं तर टोबिटचं पुस्तक घ्या, कॅथलिक बायबलमध्ये असतं आणि दोन हजार वर्षांहून जुनं आहे. सारा नावाच्या मुलीचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच अस्मोदेउस नावाच्या राक्षसाने मारलेले. आठवा टोबियास येतो, सोबत एक वाटाड्या जो खरं तर वेष बदललेला देवदूत आहे. खोलीत निखाऱ्यावर माशाचं काळीज आणि यकृत जाळतात, त्या वासाने राक्षस पळतो तो थेट इजिप्तला. मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, बाहेर साराच्या बापाने रात्रीतच टोबियाससाठी खड्डा खणून ठेवलेला असतो, आणि आत दोघं जिवंत.

प्रश्न : माझ्या कादंबरीत शेवटी हंटर मरतो. प्रकाशनासाठी पाठवताना तिला पॅरानॉर्मल रोमान्स म्हणू का?

उत्तर : नका म्हणू. रोमान्सचा वाचक प्रेमकथा मध्यभागी आणि शेवट आशेचा एवढं धरूनच पुस्तक उचलतो, त्याला तुमचा शेवट फसवणूक वाटेल आणि पुस्तक चांगलं असूनही शिव्या खाईल. प्रेमकथा काढून बघा, राक्षसांची लढाई तरीही उभी राहत असेल तर सरळ फॅन्टसी म्हणून पाठवा. उभी राहत नसेल तर प्रेमकथा हाच कणा आहे, मग त्याला मारायचंच का याचा एकदा विचार करा. सीरिज करायची असेल तर आणखी एक सोय आहे, दर पुस्तकात वेगळी जोडी आणि मागे मोठं युद्ध चालूच, म्हणजे जोडीला सुखाचा शेवट मिळतो आणि तुमचा धोकाही संपत नाही.