मासे खाते तरी वजन उतरत नाही

प्रश्न : नमस्कार ताई, मी ४१ वर्षांची, डोंबिवलीला राहते, माहेर वेंगुर्ल्याचं. दोन वर्षांपूर्वी चिकन-मटण पूर्ण बंद केलं, मासे आणि अंडी चालतात. उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. सगळे म्हणतात मासे हलके असतात म्हणून चार महिने झाले मासे वाढवले पण काटा काही हलत नाही. आठवड्यातून चार दिवस मासे असतात, सुरमई नाहीतर पापलेट, रात्री तळलेल्या तुकड्या आणि कालवण-भात, कारण बाकीचे मासे कधी करून बघितलेच नाहीत आणि मुलाला काटे नको असतात. सोमवार, गुरुवार, शनिवार वार पाळते, त्यातले सोमवार-गुरुवार उपास असतो. दुपारी डबा पोळी-भाजीचा. आता एकच एक खाऊन कंटाळा आलाय आणि सुरमईचे भाव तर विचारूच नका. मला जरा वेगवेगळं काय काय करता येईल ते सांगाल का, आणि वजन का उतरत नसेल?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही चार दिवसांच्या माशांबद्दल सगळं लिहिलंत पण सोमवार-गुरुवारी उपासाला काय खाता ते लिहिलं नाहीत, आणि मला वाटतं निम्मं उत्तर तिथेच आहे. उपास म्हटला की आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी. एका माणसाच्या भरपूर खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाणा धरला तर त्याच्या २६० कॅलरी, मूठभर दाण्याचं कूट १७०, मोठा चमचाभर तूप १२०, म्हणजे साडेपाचशे झाल्या, बटाटा वेगळाच. आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, म्हणून दोन तासांनी परत भूक लागते, मग वेफर्स, मग चहा, मग रात्री उपास सोडताना भात जरा जास्तच होतो. यात तुमची काही चूक नाही, दिवसभर पोटात टिकणारं काही गेलेलंच नसतं. उपास सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही, तो तुमचा श्रद्धेचा भाग आहे, फक्त खिचडी महिन्यातून एकदा ठेवा. एरवी वाटीभर वरीचे तांदूळ आणि सोबत दोन वाट्या लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, किंवा उकडलेलं रताळं आणि मोठा ग्लास ताक, काकडीची कोशिंबीर, पनीर चालत असेल तर तव्यावर परतलेलं पनीर. शनिवारी नुसता वार असतो, मग त्या दिवशी मटकीची उसळ नाहीतर कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी. वेंगुर्ल्याच्या मुलीला पिठी कशी करायची ते मी काय सांगू!

आता माशांकडे येऊ. मासा खरंच हलका असतो, यात लोक काही चुकीचं सांगत नाहीत. १०० ग्रॅम माशात साधारण १८ ते २० ग्रॅम प्रोटीन असतं (ताजे बोंबील सोडून, त्यांच्यात पाणीच फार) आणि पापलेट, कोळंबी, मांदेली यांच्यात कॅलरी बेताच्याच असतात. जड होतं ते माशाच्या आजूबाजूचं. रवा लावून तुकड्या तळायच्या म्हटल्या की तव्यावर तीन-चार मोठे चमचे तेल सहज जातं, एका चमच्याच्या १२० कॅलरी, आणि रवा ते तेल पिऊन घेतो. मग कालवणात नारळाचं वाटण. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे जेवढ्यास तेवढी सुरमई खाल्ली तर त्याच्या निम्म्यानेही होणार नाहीत. त्यावर भात, आणि कालवण चांगलं झालं की भात किती खाल्ला हे कोण मोजतं, मीही कोकणातलीच आहे, मला माहितीये.

म्हणून मासा तोच ठेवला तरी चालेल पण तो करायची पद्धत बदला, आणि कंटाळा आलाय म्हणताय तर मासाही बदला. आपल्याकडे तळणं आणि कालवण याच्या पलीकडे किती प्रकार आहेत बघा. बांगडा घ्या, सुरमईपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो आणि ओमेगा-३ (माशातली चांगली चरबी) साठी आपल्या किनाऱ्यावरचा बांगडा आणि तारली हे उत्तम मासे. बांगड्याला चिरा देऊन आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण आणि कोकमाचं आगळ चोळा, केळीच्या पानात गुंडाळा आणि तव्यावर झाकण ठेवून दोन्हीकडून भाजा. तेलाचा एक थेंब लागत नाही कारण बांगड्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि पानाचा वास लागतो तो वेगळाच. दुसरं म्हणजे तिखलं, बांगड्याचं किंवा पेडव्यांचं, लाल मिरची, हळद, कोकमं, चार तिरफळं ठेचून, खोबरं नाही घातलं तरी काही बिघडत नाही, उलट दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. वसई-पालघरकडे बोंबलांचं भुजणं करतात ते तुमच्याकडे बहुतेक होत नसेल, फार सोपं आहे, पातेल्यात भरपूर चिरलेला कांदा, कोथिंबीर, मिरची, लसूण, हळद, चमचाभर तेल, सगळं हाताने चुरायचं, त्यात बोंबील ठेवायचे आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचं. बोंबलाचं पाणी सुटतं त्यातच होतं सगळं. पाण्याचं प्रमाण जास्त म्हणून बोंबील इतर माशांपेक्षा थोडे जास्त खाल्ले तरी चालतात.

आणि माझं सगळ्यात आवडतं, भाजीत मासे. हे आपल्या आज्या करायच्या, काटकसर म्हणून करायच्या, पण वजनासाठी याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला तरी माहीत नाही. कोळंबी घालून दोडका, कोळंबी आणि शेवग्याच्या शेंगा, सोडे घालून वांगं, जवळा घालून वांगं. वाटीभर कोळंबीत चौघांची भाजी होते, ताटात निम्मी जागा भाजीची होते, काटे नाहीत त्यामुळे मुलगाही खाईल. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सुद्धा निम्मं ताट भाज्या-फळांचं असावं असंच सांगते, आपल्याकडे मासे असले की नेमकी भाजीच गायब होते. तुम्ही स्वतः सांगा, मासे असतात त्या रात्री भाजी केली होती असं शेवटचं कधी झालं?

तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, खाता का? एकशिप्या करून (मांस असलेली एकच शिंपली ठेवून) सुकं केलं, खोबरं मूठभरच घातलं की भाकरीबरोबर मस्त. बी-१२ आणि लोह दोन्ही भरपूर, चाळिशीतल्या बायकांना याची गरज असतेच. फक्त अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढून टाका आणि शिजवल्यावर ज्या उघडत नाहीत त्या फेकून द्या.

सासूबाईंच्या कालवणाचं तुम्ही लिहिलं नाहीत पण घरात बाकीच्यांना नारळ लागत असणार असं धरून सांगते. वाटण वेगळं शिजवू नका, एकच कालवण करा पण नारळ निम्मा करून त्याच्या जागी भाजलेला कांदा आणि चमचाभर धणे वाढवा, दाटपणा येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग तुमच्या ताटात मासा जास्त, रस एक वाटी. सोलकढीच्या ऐवजी फुटी कढी, म्हणजे नारळाचं दूध न घालता नुसत्या कोकमाची, ती हवी तेवढी प्या. भात एक वाटी शिजलेला, नाहीतर एक भाकरी, दोन्ही नको. तळलेली तुकडी खावीशी वाटली तर रविवारी एक खा, मोकळ्या मनाने खा, रवा न लावता नॉनस्टिकवर दोन छोटे चमचे तेलात पण चांगली होते.

डब्याचं म्हणाल तर मासे डब्यात नेऊच नका, ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये बांगडा गरम केला की काय होतं ते सगळ्यांना माहितीये. पण पोळी-भाजीच्या डब्यात प्रोटीन कुठे आहे? वाटीभर उसळ, नाहीतर दोन उकडलेली अंडी रोज हवीतच (वाराच्या दिवशी अंडी चालत नसतील तर दही-पनीर). तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रोटीन लागतं, त्यातलं २५-३० रात्रीच्या दीडशे ग्रॅम माशातून आलं तर बाकीचं दिवसभरात यायलाच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी सहाच्या ट्रेनला भूक लागते आणि स्टेशनबाहेर वडापाव दिसतो.

बाजारात जाताना यादी ठरवून जाऊ नका, त्या दिवशी जे ताजं आणि स्वस्त असेल ते घ्या, मग आपोआप बदल होतो. कल्ले लालभडक हवेत, डोळे वर आलेले. बांगडा मात्र बर्फातलाच घ्या आणि घरी आणल्याबरोबर फ्रीजमध्ये टाका, तो गरमीत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, मग अंगावर पुरळ उठतं आणि लोकांना वाटतं माशाची अॅलर्जी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीतले मासे, तळ्यातले रोहू-कटला, शेतीतली कोळंबी, आणि सुकं. सुक्या माशात मीठ फार असतं, तासभर पाण्यात भिजवून दोनदा पाणी बदला. सुरमई सारखे मोठे मासे आठवड्यातून एकदाच ठेवा, मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, लहान माशांत तो प्रश्न फारसा नाही.

आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी खूप झालं, त्याहून घाई करू नका. काट्याबरोबर कंबर पण मोजा, बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं धरतात. दोन महिने हे सगळं नीट करूनही काहीच फरक पडला नाही तर एकदा थायरॉइड तपासून घ्या, आणि मला परत लिहा, नक्की लिहा.

प्रश्न : वय ५२, पुणे. वजन ८८. युरिक ॲसिड वाढलंय, अंगठा एकदा सुजला होता. मटण सोडून माशांवर आलो, तारली आणि तिसऱ्या फार आवडतात. वजन लवकर कमी करायचंय म्हणून आठवड्यातून दोन दिवस कडक उपास करतो. बरोबर करतोय का?

उत्तर : दादा, इथे मी तुम्हाला जरा थांबवते. कडक उपास केला आणि वजन झपाट्याने उतरलं की युरिक ॲसिड उलट वाढतं आणि अंगठा परत सुजू शकतो, म्हणून ते दोन दिवस आधी बंद करा. दुसरं, तारली, बांगडा, मांदेली, तिसऱ्या, सुकट यांच्यात प्युरिन जास्त असतं, त्याचंच शरीरात युरिक ॲसिड होतं, नेमकं तुमच्या आवडीचं सगळं यात आलं याचं मला खरंच वाईट वाटतं. डॉक्टरांना विचारून किती चालेल ते ठरवा, तोपर्यंत आठवड्यातून दोनदाच मासे, तेही बेताने, शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि बाकी दिवस अंडी, ताक, दही, मुगाची डाळ. डाळी बंद करायला कोणी सांगितलं असेल तर घाबरू नका, भाज्या-डाळींमधल्या प्युरिनने तसा त्रास होत नाही असंच दिसून आलंय. बिअर मात्र पूर्ण बंद. पाणी भरपूर.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते, इथे बांगडा फ्रोझन मिळतो पण चव नसते. सॅमन खाऊन खाऊन कंटाळले. वजन उतरवायला सॅमन बरा का?

उत्तर : सॅमन चांगलाच आहे पण तेलकट, १०० ग्रॅमला २०० कॅलरीच्या आसपास धरा, कॉडमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून आठवड्यात दोनदा सॅमन, बाकी दिवस कॉड किंवा कोळंबी. कॉडचं वर लिहिलंय तसं भुजणं करून बघा, तो बोंबलासारखाच मऊ शिजतो. पाण्यातली डब्याची सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचीच बहीण, काटे आधीच मऊ झालेले असतात ते चावून खा, कॅल्शियम मिळतं. पाणी ओतून टाकायचं, चिरलेला कांदा, मिरची, कोकम भिजवलेलं पाणी आणि लाल तिखट घालून पाच मिनिटं परतायचं. तिरफळं भारतातून येणाऱ्या कोणाकडून तरी मागवून ठेवा, सुकलेली वर्षभर टिकतात, फक्त आतली काळी बी काढून मग ठेचा.