गाडीचा कट्टा : पाऊस, घाट आणि चार तळहात रबर

पावसाळा तोंडावर आला की पत्रांत टायरच टायर असतात, यंदाही तसंच झालंय. निवडक घेतोय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न बाकीच्या बऱ्याच जणांनी फिरवून विचारलाय.

प्र. दादा नमस्कार, माझी व्हर्टस जीटी आहे, ४२ हजार किमी झाले, टायर जवळपास गोटा झालेत. साइज २०५/५५ आर१६. वीकेंडला महाबळेश्वर, ताम्हिणी असतंच, एक्सप्रेसवे तर दर पंधरा दिवसांनी. मला चिकटून चालणारा स्पोर्टी टायर हवाय, कोरड्यातही आणि पावसातही. मित्र म्हणतो १७ इंची अलॉय टाक, २२५/४५ घे. एका दुकानदाराने ट्रेडवेअर २०० वाला टायर सुचवलाय, म्हणे ग्रिप म्हणजे ग्रिप. काय करू? — एक वाचक, चिंचवड

उ. तो २०० वाला घेऊ नका. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा, तो जेवढा कमी तेवढं रबर साधारण मऊ आणि टायर लवकर झिजणार, पण हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या आपण ठरवते त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० शेजारी ठेवून काही कळत नाही. २०० च्या आसपासचे बरेच टायर रेसिंग ट्रॅकच्या अंगाने बनवलेले असतात, त्यांचं रबर तापलं की मग धरतं, आणि नक्षीत खाचा कमी असतात. जुलैत ताम्हिणीत धुकं, वरून धार, रस्ता थंडगार, तिथे ते रबर तापणार कधी आणि खाचाच नाहीत तर पाणी जाणार कुठून? कोरड्या रस्त्यावर आजचा कुठलाही बरा टायर तुमच्या गाडीला पुरून उरतो. टायर टायरमधला खरा फरक ओल्यात ब्रेक मारल्यावर कळतो, म्हणून निवड ओल्यावरून करायची, कोरड्याची ग्रिप त्यासोबत येतेच.

आता ओल्यात काय होतं ते नीट समजून घ्या. प्रत्येक चाक रस्त्याला टेकतं ते साधारण तळहाताएवढ्या जागेवर, म्हणजे अख्खी गाडी चार तळहातांवर उभी असते. त्या जागेतलं पाणी खाचांमधून बाहेर फेकलं गेलं तर रबर डांबराला लागतं, नाही गेलं तर टायर पाण्यावर चढतो आणि मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक मारा, ब्रेक मारताना चाक अडकू न देणारं एबीएस असू दे, काही उपयोग नाही कारण खाली रस्ताच नाही. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर यावर काम केलं, त्यातून एक ढोबळ हिशोब निघाला की खाचांना झेपणार नाही इतकं पाणी असेल तर टायर कितीला तरंगेल हे हवेच्या दाबावर ठरतं. ३२ पीएसआयला तो आकडा येतो ताशी ९४ किमीच्या आसपास, २५ पीएसआयला ८३. कारचे रुंद आणि झिजलेले टायर याच्या आधीही तरंगू शकतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० ची परवानगी आहे, म्हणजे जोराच्या पावसात, पाणी साचलेल्या लेनमध्ये, हवा कमी असलेल्या टायरवर तुम्ही कायदा पाळूनही तरंगत असता. हे मला स्वतःला एकदा लोणावळ्याच्या अलीकडे कळलंय, टायर तीन वर्षांचे होते, नक्षी दिसायला ठीक होती, आणि स्टिअरिंग दोन सेकंद एकदम हलकं झालं, हातात काहीच नव्हतं. त्यानंतर टायरच्या खाचांची खोली मोजायचं छोटं गेज गाडीत कायम असतं.

त्यामुळे रुंदीबद्दल तुमच्या मित्राशी मी सहमत नाही. साइजमधला पहिला आकडा रुंदीचा, मिमीत, दुसरा बाजूच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत, आणि शेवटचा रिमचा, इंचात. २२५/४५ आर१७ चा बाहेरचा व्यास ६३४ मिमी आणि तुमच्या आत्ताच्या टायरचा ६३२, म्हणजे स्पीडोमीटर चुकणार नाही, तेवढा हिशोब त्याने बरोबर केलाय. पण टायर जेवढा रुंद तेवढं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं आणि तो तरंगतोही लवकर. वर साइडवॉल, म्हणजे टायरची उभी बाजू, सेंटीमीटरहून थोडी जास्त कमी होणार, आपले खड्डे बघता अलॉय वाकायला तेवढं पुरतं. कोरड्या वळणावर थोडं टोकदार वाटेल, हे खरं, पण तेवढ्यासाठी नको. २०५ वरच रहा. पैसे वाचतील ते चांगल्या टायरात घाला.

मग घ्यायचं काय. तुमच्यासारखी गाडी आणि असे रस्ते असले की दोन वाटा आहेत. एक, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ सारखा खरा परफॉर्मन्स टायर, ओल्याकोरड्या दोन्हीत धरतो, महाग आणि झिजतो जरा लवकर. दुसरी, कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ किंवा मिशेलिन प्रायमसी ४ या जातीचे, जरा आरामात चालणारे, आवाज कमी, पण ओल्यातल्या ब्रेकिंगवर भर देऊन बनवलेले. प्रायमसी ४ तर झिजल्यावरही ओल्यात धरावा याच मुद्द्यावर कंपनीने विकलाय. तुम्ही वीकेंडला घाट आणि रोज चिंचवडचं ट्रॅफिक करताय, माझं मत दुसऱ्या वाटेला. वळणावर गाडी फेकायचीच हौस असेल तर पहिली. जून २०२० पासून टायर आयातीवर निर्बंध आहेत त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक साइज कायम मिळेल असं नाही, दुकानात आधी फोन करून विचारा. आणि टायरवरचा लोड आणि स्पीडचा कोड, समजा ९१व्ही, त्याच्या खाली जाऊ नका. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे २४० चा वेग, तेवढ्या वेगाने कोणी जायचं नाही पण टायरची घडण त्या हिशोबाची असते.

साइडवॉलवर ट्रॅक्शनपुढे, म्हणजे पकडीच्या श्रेणीपुढे, एए किंवा ए दिसेल. ते बघा जरूर, पण ती चाचणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेतल्या ब्रेकिंगची असते, वळणाचं आणि तरंगण्याचं त्यात काही नाही.

बसवताना एक बघा. काही टायरवर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेरच आली पाहिजे, तिकडचे ठोकळे मोठे असतात वळणासाठी, आणि पाणी काढायच्या खाचा आतल्या बाजूला जास्त. काहींवर फिरायच्या दिशेचा बाण असतो. घाईत उलटे बसवलेले टायर मी पाहिलेत, म्हणून गाडी खाली उतरवायच्या आधी चारही स्वतः फिरून बघा.

प्र. स्विफ्टला दोनच टायर घ्यायचं बजेट आहे. पुढची चाकं ओढतात म्हणून नवे पुढेच ना? — एक वाचक, कोल्हापूर

उ. नाही, नवे मागे टाका. हे ऐकून प्रत्येकाला उलटं वाटतं, पंक्चरवालेही पुढेच टाकतात, पण कारण ऐका. पुढचे टायर पाण्यावर घसरले तर गाडी सरळ जाऊ लागते, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं, पाय सैल सोडला की बहुतेक वेळा सावरते. मागचे घसरले तर गाडी जागेवर फिरते आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो, आंबोली घाटात ते कोणालाच आवरणार नाही. जुन्यातले त्यातल्या त्यात बरे दोन पुढे घ्या आणि त्यांची खोली मोजा, कायद्याने किमान १.६ मिमी लागते, खाचेतली छोटी उंचवट्याची पट्टी नक्षीच्या पातळीला आली की संपलं. मी मात्र पावसाळ्याआधी ३ मिमीच्या खाली असेल तर बदलाच म्हणेन, कारण तेवढ्यात पाणी वाहून न्यायला फार काही उरत नाही.

प्र. दुकानदार २०२३ च्या शेवटी बनलेला टायर स्वस्तात देतोय, घेऊ का? — एक वाचक, नाशिक

उ. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे बघा, ४७२३ म्हणजे २०२३ चा ४७ वा आठवडा. सावलीत, थंड जागी ठेवलेला असेल तर एवढ्याने बिघडत नाही, पण भावात ते दिसलं पाहिजे. चारही टायरचे आकडे बघा, एक नवा आणि तीन जुने असं खपवू देऊ नका. उन्हात दुकानाबाहेर रचलेला असेल तर सोडून द्या.

प्र. समृद्धीवर नागपूर ते शिर्डी करतो, उन्हाळ्यात टायर तापून हवा वाढते म्हणून सगळे कमी भरायला सांगतात. आणि नायट्रोजन भरावा का? — एक वाचक, नागपूर

उ. कमी अजिबात भरू नका. हवा कमी असली की साइडवॉल जास्त वाकते, वाकली की आणखी तापते, आणि काँक्रीटवर मे महिन्यात १२० ने तासन्तास चालवताना टायर फुटतो तो बहुतेक असाच. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा बघा, गाडी भरलेली असेल तर त्यातला जास्तीचा, आणि सकाळी टायर थंड असताना भरा. चालल्यावर चार-पाच पीएसआय वाढतात, ते धरूनच तो आकडा दिलेला असतो, वाटेत थांबून कमी करू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फुकट मिळाला तर भरा, नाहीतर दर पंधरा दिवसांनी साधी हवा तपासणं त्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं. स्टेपनीही तपासा, ती सगळे विसरतात.

प्र. मुलगा श्टुटगार्टला नोकरीला आहे, त्याने जुनी फोक्सवॅगन गोल्फ घेतलीये. तो म्हणतो तिकडे हिवाळ्याला वेगळे टायर लागतात, खरंच का हो? — एक वाचक आई, सांगली

उ. खरंय ताई. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक पडतं, बर्फ नसला तरी. जर्मनीत तारखेचं बंधन नाही, पण रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा थर असेल तर हिवाळी टायर लागतातच, लोक म्हणून ऑक्टोबर ते ईस्टर लावूनच ठेवतात. टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं, १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) चालत नाही. नसेल तर ६० युरो दंड आणि लायसनवर एक पॉइंट. शहरातल्या शहरात चालवत असेल तर हे चिन्ह असलेले ऑल सीझन टायर पुरतील. डोंगरात स्कीइंगला जाणार असेल आणि ऑटोबानवरही, म्हणजे तिकडच्या एक्सप्रेसवेवर, पळवत असेल तर दोन सेट घ्यायला सांगा, आणि हिवाळी टायर ४ मिमीच्या खाली गेले की कायदा काहीही म्हणो, बदलून टाकायला सांगा.