वीरगळावरची झिजलेली अक्षरं मोबाइलने वाचता येतील का?

गावच्या देवळाबाहेरच्या वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकदगडावर, अक्षरांसारखं काहीतरी दिसतंय, खडू नाहीतर हळद फासून फोटो काढू का, असं तुम्ही विचारलंय. हात जोडून सांगतो, काहीही फासू नका. पूड दगडाच्या छिद्रांत बसते, मग घासणं आलं आणि त्यात अक्षराची उरलीसुरली कडही जाते. शिवाय खडू हातात असला की आपल्याला जे वाटतं तेच आपण गिरवतो.

अक्षर दिसतं ते त्याच्या सावलीमुळे. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. म्हणून अंधार पडल्यावर जा, मोबाइल स्टँडवर लावा आणि बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. मी कोल्हापूरजवळच्या एका वीरगळावर असंच केलं. लढाईच्या चौकटीवरची पट्टी दिवसा कोरी वाटायची. बॅटरी डावीकडून सरकवली आणि एका अक्षराचं गोल पोट सावलीनं भरून आलं. मी जागच्या जागी थांबलो.

याचीच पुढची पायरी म्हणजे आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्स्फॉर्मेशन इमेजिंग; माहितीच्या अधिकाराचा नव्हे). २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीतून ते तंत्र आलं. कॅमेरा हलवायचा नाही, दगडाशेजारी एक चकचकीत काळी गोटी ठेवायची आणि उजेड दरवेळी वेगळ्या कोनातून पाडत चाळीस-पन्नास फोटो घ्यायचे. अंतर सारखं राहावं म्हणून दोरी धरायची. गोटीवरच्या चकाकीवरून संगणक उजेडाची दिशा काढतो. मग घरी बसून माउसने उजेड हवा तिकडून पाडता येतो. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ग्रीसच्या अँटिकिथेरा या प्राचीन खगोलयंत्रावरची अक्षरं २००५ मध्ये याच पद्धतीने टिपली. स्टँडला मात्र धक्का लागू देऊ नका. माझा एकदा पाय लागला आणि सगळे फोटो पुन्हा काढावे लागले.

थ्रीडी मॉडेल हवं असेल तर उलट करायचं: उजेड एकसारखा, आणि फिरायचं आपण. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे. शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर माप कळणार नाही.

आणखी एक. देवनागरीच असेल असं धरून बसू नका. आपल्या भागात शिलाहार राजांच्या काळातले लेख कानडीतही आहेत. मी त्या गोल पोटाला आधी 'व' समजलो होतो. हळेकन्नड, म्हणजे जुनी कानडी, वाचणाऱ्या माणसाला एकच सुंदर फोटो पाठवू नका, वेगवेगळ्या बाजूंनी उजेड पाडलेले आठ-दहा पाठवा.