चिरूट आणि चिरणे: संबंध आहे का?

प्रश्न असा होता की चिरूट (ओढायची तंबाखूच्या पानांची गुंडाळी) हा शब्द 'चिरणे'वरून आलाय का, कारण त्याची दोन्ही टोकं चिरलेली असतात. डोकं झकास लढवलंय, पण नाही, शब्द दक्षिणेचा आहे. तमिळमधे सुरुट्टु म्हणजे गुंडाळणं आणि गुंडाळलेली वस्तूसुद्धा, मल्याळममधे चुरुट्टु. पोर्तुगीजांचा शारुतु, इंग्रजांचा शेरूट आणि आपला चिरूट सगळे त्याच घरातले. तमिळमधे गुंडाळीला सुरुळ म्हणतात, त्यामुळे खरंच जुळवायचंच असेल तर आपली सुरळी जास्त जवळची वाटते, अर्थात हा आपला माझा अंदाज.

टोकांचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. सिगारचं तोंडाकडचं टोक बंद असतं, ओढायच्या आधी कापावं लागतं, चिरुटाची दोन्ही टोकं उघडी आणि जाडीही साधारण सारखीच, त्यामुळे हाताने वळायला सोपा आणि म्हणून स्वस्त.

यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात ह्या शब्दाचा सापडलेला सगळ्यात जुना वापर दिलाय तो बेस्की नावाच्या इटालियन पाद्र्याने साधारण १७२५ मधे तमिळमधे लिहिलेल्या परमार्थ गुरूच्या गोष्टीतला. त्यात एकजण हातात कोलीत घेऊन चाललाय, कशासाठी, तर 'पुगैयिलै सुरुट्टु' पेटवायला. पुगै म्हणजे धूर, इलै म्हणजे पान, तंबाखूला धुराचं पान! मला तर हे मूळ शब्दापेक्षा भारी वाटलं.

सगळ्यात नाव कमावलं ते तमिळनाडूतल्या त्रिचनापल्लीच्या (आजचं तिरुचिरापल्ली, थोडक्यात त्रिची) चिरुटाने. तंबाखू दिंडिगलच्या बाजूचा, वळणारे हात त्रिचीला लागून असलेल्या उरैयूरचे (हीच चोळांची जुनी राजधानी), आणि गिऱ्हाईक थेट लंडनपर्यंत. तिकडे नुसतं 'ट्रिची' म्हटलं तरी पुरायचं. शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, १८८७ सालच्या, होम्स जमिनीवरची काळपट, पापुद्र्यांची राख बघून सांगतो की खुनी ट्रिचिनॉपली ओढत होता, म्हणजे वाचकाला हे नाव समजावून सांगायची गरजच नव्हती. पुढे मशीनवरची सिगरेट आली, बिडी तर स्वस्त होतीच, साहेब गेला, आणि परदेशात ट्रिची नावाने जो माल चालायचा तो इतिहासजमा झाला. तमिळनाडूत सुरुट्टु हा शब्द मात्र अजून रोजच्या बोलण्यातला आहे.

आणि जुन्या इंग्रजी लिखाणात 'लंका' नावाचा चिरूट दिसला तर श्रीलंकेकडे जाऊ नका, बरेच जण तिथेच फसतात. गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या बेटांना तेलुगूत लंका म्हणतात, त्या बेटांवरच्या तंबाखूचा तो चिरूट. होम्स त्याचंही नाव घेतो, १८९० च्या कादंबरीत.